भिंतीतल्या स्पीकरांची वाटणी

फ्यूजकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. दुकानात फ्यूज मिळतात म्हणून हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगतात. गल्लीचं म्हणणं वेगळं आहे. माणूस बारीक, ताठ, आणि जरा लोड वाढला की उडतो, म्हणून फ्यूज. एक मात्र खरं, ते उडतात तेव्हा नुकसान त्यांचं एकट्याचं होतं, पुढच्याचं यंत्र वाचतं.

चाळीस वर्षं हा माणूस एका जिन्याखाली बसून लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतोय. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले मेलेले अ‍ॅम्प्लिफायर. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव नाही, मरणाचं कारण. ‘कॉफी’. ‘झुरळ’. एकावर ‘मांजर’, कारण ते गरम झाकणावर झोपायचं आणि हवेची सगळी भोकं बुजवायचं. ‘मेहुणा’ लिहिलेल्या तर चार होत्या. मेहुण्याला यातलं कळतं असं घरात एकदा ठरलं, की पुढचं ब्रह्मदेवालाही चुकवता येत नाही.

गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं. “काका, मी काही केलं नाही, आपोआप बंद पडला.”

“आपोआप फक्त केस पिकतात,” काका म्हणायचे, आणि यंत्राला नाक लावून वास घ्यायचे. वासावरून त्यांना कळायचं काय जळलंय, आणि बहुतेक वेळा कोणी जाळलंय तेही.

त्यांच्या मते माणसं दोनच प्रकारची. एक अ‍ॅम्प्लिफायर असलेली, ती सुखी. दुसरी दोन अ‍ॅम्प्लिफायर असलेली, ती दुकानात येणारी. दुसरा अ‍ॅम्प घरात आला की माणसाला वाटतं, स्पीकर तर तेच आहेत, दोन्हीच्या तारा एकत्र पिळून लावल्या की झालं. आणि मग काकांचं प्रवचन सुरू व्हायचं. ते गल्लीतल्या भाजीवाल्यालाही पाठ होतं.

“हे बघा. रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ, फोन, हे देणारे. एका देणाऱ्याचं दोघांना वाटून देता येतं. पण दोन देणारे एकाच तारेत कोंबायचे नाहीत, ते एकमेकांच्याच तोंडात ओततात. अ‍ॅम्पच्या मागे प्रत्येकाला वेगळं भोक दिलंय, ते शोभेला नाही. आता स्पीकर. हा घेणारा. त्याला एका वेळी एकच अ‍ॅम्प. दुसरा लावलात, तर पहिल्याची सगळी ताकद स्पीकरला सोडून दुसऱ्याच्या पोटात शिरते. दुसरा बंद असला तरी शिरते. ज्या दारातून फक्त बाहेर जायचं, त्या दारातून लोंढा आत आला की काय होणार? मग तुम्ही इथं येणार आणि म्हणणार, आपोआप.”

एवढं बोलून ते चष्मा पुसायचे. समोरचा मान डोलवायचा आणि घरी जाऊन पुन्हा तेच करायचा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

काकांच्या स्वतःच्या घरात मात्र सगळा आनंद होता. स्वयंपाकघरात काकूंचा एक चिमुकला रेडिओ, त्याची फिरवायची गोटी नऊ वर्षांपूर्वी तुटलेली. काकू ती पकडीने फिरवायच्या. “उद्या करतो,” काका म्हणायचे. काकू पकड मुद्दाम काकांच्या ताटाशेजारी ठेवायच्या.

काकांना मित्र असा एकच होता. नगरपालिकेत नकाशे काढायचा. सगळ्या गावाच्या गटारांच्या रेषा त्याच्या हातच्या. या नकाशेवाल्याने स्वतःच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मधल्या खोलीच्या भिंतीत दोन कोनाडे पाडून घेतले आणि त्यात काकांकडून स्पीकर बसवून घेतले. विटा, लाकूड, कापूस, सगळं जागच्या जागी. भिंत फोडल्याशिवाय निघणार नाहीत असे पक्के. दर रविवारी दोघं मित्र समोर खुर्च्या टाकून ऐकत बसायचे आणि नकाशेवाल्याची बायको, जिला काका वहिनी म्हणायचे, ती मध्ये बसायची. वहिनी एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. आठवडाभर दोनशे डॉक्टरांचे आवाज कानात घेऊन आलेली ती बाई रविवारी गाणं लागलं की डोळे मिटून घ्यायची.

मग नकाशेवाला गेला. त्याने गावाच्या गटारांची वाटणी करून ठेवली होती, घराची करायची राहिली.

दोन मुलगे. थोरला विमा कंपनीत, अपघात झालेल्या गाड्या बघून त्यात मालकाचीच चूक कशी होती ते लिहायचा. धाकटा न्हाणीघराच्या फरशा विकायचा. त्याला आई अजून छोटू म्हणायची, आणि छोटूला शेचाळिसावं लागलं होतं. बाप असेपर्यंत दोघांचं बरं होतं. बाप गेल्यावर वर्षभरात असं काही बिनसलं की विळ्याभोपळ्याने यांच्याकडे शिकायला यावं. कारण काय, ते दोघांनाही नीट सांगता येत नव्हतं. थोरला म्हणायचा, त्यानं सुरुवात केली. धाकटा म्हणायचा, मग त्यानं थांबवायचं.

घराची वाटणी झाली. डावीकडच्या दोन खोल्या थोरल्याच्या, उजवीकडच्या दोन धाकट्याच्या, मधली आईची. दोघांनी आपापल्या बाजूने जिन्यात उघडणारं नवीन दार पाडलं आणि मधल्या खोलीत उघडणाऱ्या दाराला आतून कडी घातली. वहिनींचं दुपारचं जेवण डावीकडची सून आणून द्यायची, रात्रीचं उजवीकडची. जिन्यातून यायचं, झाकलेलं ताट टेबलावर ठेवायचं, “आई, गरम आहे,” म्हणायचं आणि जायचं. मुलगे कामातून मोकळे झाले की येणार होते. तीन वर्षं ते कामातून मोकळे व्हायचे होते.

वस्तूंची वाटणी तर ऐकण्यासारखी. अ‍ॅम्प्लिफायर थोरल्याला, रेकॉर्ड प्लेअर धाकट्याला. म्हणजे एकाकडे वाजवायला काही नाही आणि दुसऱ्याकडे वाजत असलेलं ऐकायला काही नाही. तबकड्या मोजून निम्म्या निम्म्या. एका पाकिटात दोन तबकड्या असतील तर एक याला, एक त्याला, आणि पाकिटासाठी नाणं उडवलं. मग थोरल्याने नवा रेकॉर्ड प्लेअर आणला, धाकट्याने नवा अ‍ॅम्प आणला. राहता राहिले स्पीकर. ते भिंतीत, भिंत आईच्या खोलीत, आणि कागदावर ते कोणाच्याच नावाने लिहिलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, दोघांनी एकेक नवी जोडी घेतली असती तर? घेता आली असती. पण प्रश्न गाण्याचा नव्हता, हक्काचा होता. दोघांनी आपापल्या भिंतीला भोक पाडून तार मधल्या खोलीत सोडली, स्पीकरला जोडली, आणि बंद दाराच्या वरची हवेची झडप उघडी ठेवून पलीकडून ऐकायला लागले. बापाचे स्पीकर आपल्याकडे आहेत याचं समाधान दोघांनाही मिळालं. एकाने जोडलेल्या तारेवरच दुसऱ्याने जोडली होती, पण आधीची तार त्याला बापाच्या वेळची जुनी वाटली, आणि पहिल्याला हे माहीतच नव्हतं. स्पीकरच्या पुढे कापड होतं आणि कापड पुन्हा उचलून बघायचं म्हणजे आईशी चार शब्द बोलत थांबावं लागलं असतं.

एके दिवशी सकाळी थोरला दुकानात आला. काखेत बापाचा अ‍ॅम्प. “काका, आपोआप बंद पडला.”

काकांनी वास घेतला. आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेले. यंत्राला काकांनीच जन्माला घातल्यासारखं सांभाळलं होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरला. दुपारी धाकटा आला. काखेत नवा अ‍ॅम्प. “काका, मी काही केलं नाही.”

काकांनी दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली, दोन्हीचा वास घेतला, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक ते घर गाठलं. कापड उचललं. एका स्क्रूखाली दोन तारा. त्यांनी कपाळावर हात मारला.

“वहिनी, हे कोणी केलं?”

“दोघांनी केलं,” वहिनी म्हणाल्या. “वेगवेगळ्या दिवशी.”

“आणि तुम्ही बघत बसलात?”

“ते आले होते, भाऊ. एक दहा मिनिटं होता, एक पंधरा. मी कशाला बोलते?”

काका पुढचं ऐकायला थांबले नाहीत. त्यांच्या डोक्यात तारा होत्या. दोन्ही अ‍ॅम्प दुरुस्त झाले, दोघांना दोन स्वतंत्र प्रवचनं मिळाली आणि एक खटका बसवायचं ठरलं. भरभक्कम, गोल, तीन जागा असलेला. डावीकडे थोरला, मध्ये बंद, उजवीकडे धाकटा. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना बंदवरून जावंच लागणार. आधी तुटणार, मग जुळणार. लाल तार तुटणार, काळीही तुटणार, कारण काळी तार दोघांची सामाईक ठेवली तर काही अ‍ॅम्प त्यावरही रुसतात.

खटका कुठे बसवायचा यावर दोन आठवडे गेले. थोरल्याने मोजपट्टी आणली. धाकट्याने स्वतःची आणली, कारण थोरल्याच्या पट्टीवर त्याचा भरवसा नव्हता. दोन्ही पट्ट्यांनी भिंतीचा मध्य एकच दाखवला, आईच्या खुर्चीशेजारी, हात पोचेल असा. दोघंही जरा हिरमुसले.

वेळापत्रक ठरलं. विषम तारखा थोरल्याच्या, सम धाकट्याच्या. पहिल्याच महिन्याअखेर धाकट्याच्या लक्षात आलं की एकतीस आणि एक लागोपाठ विषम येतात. त्याने लेखी हरकत घेतली. एकतीस तारीख मग कोणाचीच नाही असा निकाल झाला आणि त्या दिवशी खटका बंदवर राहू लागला. असं न्यायदान मोठमोठ्या कोर्टांत होत नाही.

“खटका फिरवताना दोन्हीकडचे आवाज शून्यावर पाहिजेत,” काकांनी बजावलं. “फिरवणार कोण?”

“मी,” वहिनी म्हणाल्या. “तीस वर्षं दुसरं काय केलं? आधी एकाची पिन काढायची, मग दुसऱ्याची घालायची. दोन्ही एकदम राहिल्या तर डॉक्टर बायकोशी काय बोलतो ते पेशंटला ऐकू जातं. एकदा गेलंही होतं. पेशंट बरा झाला, डॉक्टरचं मात्र अवघड झालं.”

सुरुवातीला मुलगे झडपेतून ओरडायचे. “आई, माझ्याकडे कर.”

“कोण बोलतंय?” वहिनी विचारायच्या. दोनशे डॉक्टरांना नुसत्या खोकल्यावरून ओळखणाऱ्या बाईला आता स्वतःच्या पोरांचे आवाज ओळखू येईनात. “ऐकू येत नाही रे. आत येऊन सांग.”

तेव्हा कड्या निघाल्या. आधी थोरला उंबऱ्यावर उभा राहून बोलायचा, शेजाऱ्याकडे विळी मागायला आल्यासारखा. मग आत येऊ लागला. धाकट्याला एकदा उभ्या उभ्या कळलं की दोन्ही स्पीकरचा मेळ नेमका आईच्या खुर्चीपाशीच जमतो, पलीकडे झडपेतून येतं ते अर्धंमुर्धं. तो स्टूल ओढून बसला. मग समसंख्येच्या दिवशी धाकटा आणि विषमच्या दिवशी थोरला, कोणीतरी एक खटका फिरवून झाल्यावरही पाचदहा मिनिटं रेंगाळायचं. थोरला कोणत्या गाडीचा अपघात किती खोटा होता ते सांगायचा. धाकटा कोणत्या बाईने कोणता रंग सात वेळा बदलला ते सांगायचा. वहिनी एक पाय दुसऱ्यावर टाकून ऐकायच्या.

काका दोनतीन महिन्यांनी तपासणीला आले तेव्हा धाकटा स्टुलावर बसून आईला नखं कापायला मदत करत होता. काकांनी ते पाहिलं नाही असं नाही. पण त्यांनी मनात नोंद केली ती वेगळीच. खटक्याची गोटी सैल झाली होती. फार वापर होतोय, ते स्वतःशी म्हणाले, आणि स्क्रू आवळून निघून गेले.

पुढे एक दिवस असा आला की तीस दिवसांच्या महिन्याने दोघांचा घोटाळा केला. थोरल्याला वाटलं आज एकतीस, सुट्टी, उद्या आपण. खरं तर ती एक तारीख होती, त्यामुळे तो दुसऱ्या दिवशी गेला तेव्हा पाळी धाकट्याची होती. दोन्ही दारं एकाच वेळी उघडली. दोघं भाऊ आईच्या दोन बाजूंना समोरासमोर. कोणीतरी बोलायला हवं होतं. धाकट्याच्या तोंडून “बस की,” एवढं निघालंही. पण थोरला घाबरला, आणि थोरला घाबरलेला बघून धाकटाही घाबरला. दोघं मागे वळले.

आठवड्याभरात दोघं भाऊ एकत्र काकांच्या दुकानात आले. एकत्र म्हणजे एक टेबलाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. बोलायचं ते काकांशी.

“याला सांगा काका,” थोरला म्हणाला, “की आता आपोआप चालणारा खटका मिळतो. ज्याचा अ‍ॅम्प सुरू होईल त्याच्याकडे स्पीकर आपसूक जातात.”

“मला माहीत आहे म्हणावं,” धाकटा म्हणाला. “मीच शोधून काढलंय. आईला उगाच त्रास. वय झालंय तिचं.”

“आईला त्रास नको, एवढंच,” थोरला म्हणाला.

तीन वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. काकांना वाटलं, चला, पोरं सुधारली. शिवाय काम त्यांच्या आवडीचं होतं. “बाजारातला डबा नको,” ते म्हणाले. “मी बनवतो.”

आणि त्यांनी जन्मात बनवलं नव्हतं असं यंत्र बनवलं. पत्र्याची पेटी, आत चार रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके. जो अ‍ॅम्प आधी सुरू होईल त्याला स्पीकर मिळणार, तो बंद होईपर्यंत दुसऱ्याला दार बंद. दोन सेकंद थांबून जोडणार. पेटीची पिन काढली तर दोघंही तुटणार आणि कोणाचंच काही जळणार नाही. प्रत्येक तारेचे धागे इतके घट्ट पिळले की एकाचाही केस शेजारच्या स्क्रूला शिवणार नाही. हिरवा दिवा थोरल्याचा, तांबडा धाकट्याचा. पंधरा दिवस काका घरी गेले ते शीळ घालत.

पेटी बसवली, वहिनींच्या खुर्चीशेजारच्या सॉकेटला तिची पिन लावली आणि दोन्ही अ‍ॅम्प मुद्दाम एकदम सुरू करायला लावले. काही झालं नाही. हिरवा दिवा लागला, गाणं सुरू झालं. काकांनी पेटीवर अशी थाप मारली, जशी पोराला पास झाल्यावर मारतात.

“म्हणजे आता मला काहीच करायचं नाही?” वहिनींनी विचारलं.

“काही म्हणजे काही नाही, वहिनी. निवांत बसा.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या.

जेवताना काकांनी काकूंना सगळं रंगवून सांगितलं. काकू पकडीने रेडिओ बारीक करून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “आणि आता त्या बाईकडे कोण जाणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे. खटका फिरवायला तरी पोरं येत होती ना?”

काका उडाले. “मी तारा जोडतो. माणसं जोडायचा धंदा नाही माझा.”

“ते दिसतंच आहे,” काकू म्हणाल्या, आणि रेडिओ मोठा केला.

त्या दिवसापासून काकांचं मन लागेना. समोर उघडा अ‍ॅम्प असायचा आणि त्यांना स्टुलावर बसून नखं कापणारा धाकटा दिसायचा. दुपारचा चहा निवून जायचा. फळीवर ठेवलेल्या एका यंत्राची चिठ्ठी लिहिताना तर ते नुसते पेन धरून बसले. त्यांना स्वतःचा राग येत होता आणि तो गिऱ्हाइकांवर निघत होता. भाजीवाल्याने त्या आठवड्यात दुकानासमोरून हातगाडी नेणं बंद केलं.

अठराव्या दिवशी फोन आला. वहिनी होत्या. “भाऊ, येऊन जाता का?”

“काय जळलं?” काकांनी विचारलं, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की आपण हे मोठ्या आशेने विचारतोय.

“काही जळलं नाही हो,” वहिनी म्हणाल्या. “तेच तर.”

काका पोचले तेव्हा मधल्या खोलीत गाणं चालू होतं. नकाशेवाल्याची आवडती तबकडी, रविवारची. हिरवा दिवा लागलेला. दोन्ही दारांना पलीकडून कड्या. टेबलावर झाकलेलं ताट, अजून झाकलेलंच. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या आणि धाकट्याचं स्टूल भिंतीशी सरकवून त्यावर कोणीतरी वर्तमानपत्रांची रद्दी रचली होती.

“तुमचं काम फार चांगलं झालंय, भाऊ,” वहिनी म्हणाल्या. “टोमणा नाही मारत, खरंच. अठरा दिवस झाले, एकदाही अडकलं नाही. आणि अठरा दिवसांत या खोलीत माझं पोर आलेलं नाही. हिरवा लागला की कळतं, थोरला घरी आला. तांबडा लागला की कळतं, छोटू आला. दिव्यांवरून ओळखते मी त्यांना. मला ते पुरत नाही.”

काकांना खाली बघावंसं वाटलं आणि त्यांनी बघितलं. लाज वाटली त्यांना, चारचौघांत वाटावी तशी. चाळीस वर्षं लोकांना सांगितलं की जोडण्याआधी बघा पलीकडे काय आहे, आणि स्वतः या खोलीत चार वेळा येऊन खुर्चीत बसलेलं माणूस बघितलं नाही.

“मी पेटी काढून नेतो,” ते म्हणाले. “सांगतो पोरांना, बिघडली.”

“खोटं कशाला? चांगली आहे की पेटी. तुम्ही स्पीकरच्याच तारा काढा. भिंत माझी, खोली माझी. कापडामागचे स्क्रू माझ्याने निघत नाहीत, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता.”

काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि थांबले. “वाजतंय तोवर मी तारेला हात लावत नाही. आधी बंद पाहिजे.”

“हो का,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी खुर्चीतूनच हात लांब केला आणि पेटीची पिन सॉकेटमधून ओढली. एका झटक्यात, मनगटातून, जशी हजारो वेळा ओढली असेल तशी. गाणं अर्ध्या शब्दावर तुटलं.

काकांनी कापड उचललं आणि निवांत चारही तारा सोडवल्या. शेवटची निघते न निघते तोच डावीकडची कडी वाजली. आणि त्याच क्षणी उजवीकडची. तारीख थोरल्याची होती, गाणं थोरल्याचं होतं, पण झडपेखाली धाकटाही ऐकतच बसला होता. रोजच बसत असावा.

दोन्ही दारं उघडली.

“याला विचार काय केलं यानं,” थोरला आईला म्हणाला.

“मी? माझा अ‍ॅम्प बंद आहे. तुझ्या डोळ्यांनी बघ जा,” धाकटा थेट थोरल्यालाच म्हणाला, आणि आपण त्याच्याशी बोललो हे लक्षात येऊन त्याने तोंड मिटलं.

मग दोघांना काका दिसले, हातात स्क्रू ड्रायव्हर. आणि आई दिसली, हातात पिन.

“मी काढलं,” वहिनी म्हणाल्या.

“का गं?”

“तुम्ही येत नाही म्हणून.”

 थोरल्याने छताकडे बघितलं, जसं तिथं काही तुटलंय. धाकटा हळूच म्हणाला, “आई, फोन करायचास ना. आलो असतो.”

“एका भिंतीपलीकडे फोन करू? तीस वर्षं लोकांचे फोन जोडले मी, छोटू. माझ्या पोरांना बोलवायला मला फोन लागावा असं वाटलं नव्हतं. तुमच्या बाबांचे स्पीकर दोघांना हवेत. मी कोणाच्या वाटणीला आले, ते सांगा मला. दुपारचं ताट याचं, रात्रीचं ताट त्याचं. मधली मी कोणाची?”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर दोघांना सोपं गेलं असतं, भांडणाचा दोघांनाही चांगला सराव होता. थोरला दाराशी उभा राहून एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. गाड्यांच्या अपघातात मालकाची चूक शोधणारा तो माणूस आज स्वतःच मालक होता. मग असल्या वेळी पुरुष करतात तेच त्याने केलं. तारांकडे वळला.

“काका,” घसा साफ करून तो म्हणाला, “हे परत जोडायला किती वेळ लागेल?”

चार तारा, चार स्क्रू. काकांनी डोळे मिटून दोन मिनिटांत केलं असतं. त्यांनी सुटलेल्या तारांकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं. मग स्टुलावरची रद्दी उचलून खाली ठेवली, स्टूल खुर्चीजवळ ओढलं आणि भिंतीशी पडलेली दुसरी खुर्ची तिच्या दुसऱ्या बाजूला आणून ठेवली.

“तास तरी लागेल,” ते म्हणाले. “जास्तच. बसा दोघं.”